‘नारुतो’ ही जपानी अ‍ॅनिमे (अ‍ॅनिमेशन मालिका) पहिल्यांदाच पाहतोय. २२० भागांपैकी शेवटचे फिलर (मूळ कथेत नसलेले भरीचे भाग) सोडले तर कथा तुटेल का?

नाही तुटणार. १३५व्या भागापर्यंत सलग पाहा आणि मग थेट २२०व्या भागावर जा. मासाशी किशिमोतो यांची मंगा (जिच्यावर मालिका बेतली आहे ती जपानी चित्रकथा) आणि ही मालिका मी शेजारी ठेवून ताडून पाहिली आहे: नारुतो आणि त्याचा साथीदार सासुके यांची धबधब्याजवळची लढाई १३४व्या भागात संपते आणि मंगामधला मूळ धागाही त्यानंतर लगेच तिथेच थांबतो. मंगा आठवड्याला एकच प्रकरण पुढे सरकायची, अ‍ॅनिमे तिला गाठत आलं, म्हणून मधले ऐंशीच्या आसपास भाग स्टुडिओने स्वतः रचले. २२०व्यात नारुतो त्याचा गुरू जिराइयासोबत गाव सोडून प्रशिक्षणाला निघतो. तो निरोप चुकवू नकाच, कारण ‘शिप्पुदेन’ ही पुढची मालिका तो परत येतो तिथूनच सुरू होतं.

फक्त १०१वा भाग फिलर असूनही नक्की पाहा. टीमचे शिक्षक काकाशी-सेन्सेई यांचा मास्क उतरावा म्हणून नारुतो, सासुके आणि साकुरा ही तीन पोरं त्यांना रामेन (जपानी नूडल्स) खायला नेतात आणि डोळे लावून बसतात. या टीमचा एकमेकांवरचा जीव तिथे फार छान दिसतो. मास्कखाली काय आहे ते मात्र मी सांगणार नाही.