डेन्मार्कच्या उत्तर टोकावरची स्कागेनची रेल्वे खासगी आहे म्हणतात. एवढ्याशा गावासाठी ती टिकली कशी?

तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे. उत्तर डेन्मार्कमधल्या ऑलबोर्ग शहरात शिकत असताना सुट्टी मिळाली की मी हीच गाडी पकडायचो. (नाव लिहितात स्कागेन, पण तिथले लोक 'स्केन' असं काहीसं म्हणतात.)

आधी 'खासगी' या शब्दाबद्दल. डेन्मार्कमध्ये मुख्य मार्ग सरकारी रेल्वेने चालवले. उरलेल्या छोट्या लाईन स्थानिक नगरपालिका, गावकरी आणि थोडा सरकारी पैसा यांतून उभ्या राहिल्या, त्यांना 'प्रिवातबेन' म्हणजे खासगी रेल्वे म्हणायची पद्धत पडली. त्यामुळे इथे नफ्यासाठी उतरलेला भांडवलदार डोळ्यांसमोर आणू नका. आजही ही लाईन चालवणारी 'नॉर्दयुस्के येर्नबेनर' ही कंपनी त्या भागाच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेच्याच मालकीची आहे.

आता ही लाईन का झाली ते. सरकारी रेल्वे १८७१ मध्ये फ्रेडरिक्सहाउनला पोचली आणि तिथेच थांबली. पुढे स्कागेनपर्यंत ४० किलोमीटर नुसती वाळू. धड रस्ता नव्हता. घोडागाडी समुद्राच्या कडेने, ओल्या आणि म्हणून घट्ट असलेल्या वाळूवरून हाकत न्यायची. परीकथा लिहिणारा हान्स ख्रिश्चन अँडरसन १८५९ मध्ये स्कागेनला आला तो गाडीघोड्यानेच. वाळूचा जाच किती होता ते गावाबाहेरच्या जुन्या चर्चकडे बघून कळतं. दरवाजा पुनःपुन्हा उपसावा लागे, शेवटी १७९५ मध्ये ते बंद केलं. आज वाळूवर फक्त पांढरा मनोरा उभा आहे. एकोणिसाव्या शतकात गवत आणि पाइनची झाडं लावून वाळू बरीचशी रोखली गेली.

२४ जुलै १८९० ला गाडी सुरू झाली, तीही मीटरगेज, कारण ती स्वस्तात होत होती. तेव्हा स्कागेनला बंदरसुद्धा नव्हतं, कोळी होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवत. मासळीला बाहेरची बाजारपेठ मिळाली आणि १९०७ मध्ये बंदर झालं. मग रुळांचीच अडचण होऊ लागली. मुख्य रेल्वे रुंद, ही अरुंद. बर्फातली मासळी फ्रेडरिक्सहाउनला एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरायची, आणि मासळी तर थांबत नाही. १९२४ मध्ये सगळी लाईन मुख्य रेल्वेच्या मापाची केली, तेव्हा कुठे स्कागेनचे डबे थेट पुढे जाऊ लागले. माझ्या मते या रेल्वेच्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे पर्यटक. क्रॉयर, ॲना आणि मिकाएल आंकर ही चित्रकार मंडळी रेल्वेच्या आधीच तिथे जमली होती. त्यांच्या चित्रांतला उजेड बघायला निघालेले लोक मात्र रेल्वेने आले. राजा दहाव्या ख्रिश्चनने तिथे उन्हाळी घर बांधलं (१९१४). त्याचा वास्तुकार उलरिक प्लेसनर, आणि १९१९ मधलं आजचं स्कागेन स्टेशनही त्याचंच. गाडीतून उतरल्यावर दोन मिनिटं मागे वळून ते जरूर बघा.

टिकली कशी? १९५०-६० च्या दशकांत मोटारी आणि ट्रक वाढले आणि त्या भागातल्या अशा जवळजवळ सगळ्या छोट्या लाईन उखडल्या गेल्या. उरल्या दोनच, स्कागेनची आणि हिर्त्सहाल्सची. मला वाटतं याचं कारण नकाशातच आहे. जमिनीची पट्टी इतकी चिंचोळी की स्ट्रँडबी, येरुप, ऑलबेक, हुलसिग ही गावं एकाच दोऱ्यात ओवल्यासारखी आहेत. एकच लाईन सगळ्यांना पुरते. मासळी ट्रकवर गेली, पण शाळेची मुलं, नोकरदार आणि उन्हाळ्यातली गर्दी राहिली.

२००१ मध्ये या दोन लाईनच्या कंपन्या एक झाल्या. काही वर्षांनी सीमेन्सच्या 'डेझिरो' डिझेल गाड्या आल्या. दोन डब्यांची, कमी उंचीची पायरी असलेली गाडी, त्यामुळे बाबागाडी आणि सायकल सहज चढते. २०१७ पासून ऑलबोर्गच्या बाजूची स्थानिक वाहतूकही याच कंपनीकडे आली. फ्रेडरिक्सहाउनपासून पाऊण तासाच्या आत पोचता, मार्ग एकेरी आहे आणि गाडी साधारण तासाला एक.

वेळ असेल तर हुलसिगला उतरा. तिथून पश्चिमेला रोबिएर्ग मीले ही वाळूची टेकडी आहे, झाडं न लावता मुद्दाम मोकळी सोडलेली. ती वर्षाला सुमारे १५ मीटर ईशान्येकडे सरकते. वर चढून उभे राहा, पूर्वेला बघा. त्याच दिशेला रस्ता आहे आणि रूळही.