गांधीनगरचा दुकानदार निर्वासित, मग आम्ही कोण?

प्रश्न : आमचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं. आजोबांना सांगली जिल्ह्यात माळरान मिळालं. परवा मुलीच्या लग्नाचं कापड घ्यायला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला गेलो, तर दुकानदार म्हणाला, "आम्ही सिंधमधून आलेले निर्वासित. आमच्याआधी इथल्या बराकींत पोलंडचे निर्वासित होते." गाव तर आमचंही गेलं. मग आम्ही नुसते 'धरणग्रस्त' का? निर्वासितांचा आंतरराष्ट्रीय कायदा आम्हाला लागू नाही का?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : नाही. पण गंमत अशी की, त्या बराकींतल्या लोकांनाही तो उपयोगी पडला नाही.

पोलंडचे सुमारे ५,००० लोक, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ वळिवड्याच्या, म्हणजे आजच्या गांधीनगरच्या जागेवरच्या छावणीत राहिले. सोव्हिएत राजवटीने त्यांना घरांतून उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेलं होतं. सुटल्यावर इराणमार्गे ते इथवर आले. निर्वासितांचा जिनिव्हा करार झाला १९५१ साली, तोवर छावणी उठलीसुद्धा होती! मागून सिंधी आले. त्यांनी सीमा ओलांडली, पण ते इथले नागरिक झाले, आणि नागरिकाला हा करार निर्वासित मानत नाही.

वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपायी छळ होईल या रास्त भीतीने जो स्वतःच्या देशाबाहेर पडला, तो निर्वासित. जिथे जीव धोक्यात येईल तिथे त्याला परत ढकलायचं नाही, हे कलम ३३ या कराराचा कणा. भारताने त्यावर सही केलेली नाही.

तुम्ही सीमा ओलांडली नाहीत. ज्या सरकारने उठवलं, त्याच्याच कचेरीत दाद मागायची, ही तुमची खरी अडचण. अशा देशांतर्गत विस्थापितांसाठी संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. अत्यावश्यक सार्वजनिक हित नसेल तर मोठ्या प्रकल्पासाठीही माणसं हलवू नयेत, असं सहावं तत्त्व सांगतं. पण ती तत्त्वंच. बंधनकारक करार नव्हे. सीमेच्या एका रेघेवर एवढा फरक पडावा, हे मला वकिलीत इतकी वर्षं काढूनही पटलेलं नाही.

तेव्हा जिनिव्हा राहू द्या, आधी भूसंपादनाच्या निवाड्याची, म्हणजे कोणती जमीन घेतली आणि मोबदला किती ठरला हे सांगणाऱ्या सरकारी आदेशाची, नक्कल मिळवा. माझे एक म्हातारे पक्षकार दुधाच्या पिशवीत गुंडाळून निवाडा घेऊन आले होते. सर्व्हे नंबर नेमका घडीवर, निम्मा पुसलेला. तो आकडा ३ की ८, एवढ्यासाठी आम्ही रेकॉर्ड रूमला चार महिने हेलपाटे घातले. तुमच्याकडचा कागद असेल तर घडी न घालता ठेवा, आणि आजच झेरॉक्स काढा.