बिझनेस डेव्हलपमेंट सोडून ग्रोथ मॅनेजर व्हायचं, तर काम नेमकं काय बदलतं?

चार वर्षं बिझनेस डेव्हलपमेंट केल्यावर तुम्हाला ग्रोथ मॅनेजरची ऑफर आली आहे आणि हे जुनंच काम नव्या नावाने तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय. काम खरंच वेगळं आहे. मी दोन्ही केलंय, सध्या दुकानदारांच्या एका बिलिंग ॲपचं ग्रोथ बघतो, म्हणून सविस्तर लिहितो.

बिझनेस डेव्हलपमेंटमध्ये आपण व्यवहार जुळवतो. डिस्ट्रिब्युटर गाठायचा, बँकेशी टाय-अप करायचं, कमिशनची घासाघीस करायची, सही घ्यायची. सही झाली की आपलं टार्गेट झालं. ग्रोथ मॅनेजरचं काम सहीनंतर सुरू होतं. त्या करारातून आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या महिन्यात टिकलंय का, त्याने आणखी कोणाला आणलं का, आणि त्याला मिळवायला झालेला खर्च कधी वसूल होणार, हे त्याला सांगता आलं पाहिजे.

आमच्याकडचंच सांगतो. किराणा मालाच्या एका मोठ्या डिस्ट्रिब्युटरशी करार झाला. त्याच्या सेल्समननी दुकानादुकानांत जाऊन ॲप टाकून दिलं. नोंदणीचा आकडा बघून सगळे खूश. पण कोणत्या आठवड्यात किती दुकानं आली आणि त्यातली पुढच्या आठवड्यांत किती उरली, असा तक्ता मांडला (आम्ही त्याला कोहॉर्ट तक्ता म्हणतो), तेव्हा दिसलं की बहुतेकांनी एकही बिल काढलेलं नाही. मग दोन-तीन दुकानांत काउंटरच्या मागे जाऊन बसलो. पहिलं बिल काढण्याआधी आमचं ॲप मालाची पूर्ण यादी भरायला लावत होतं. साबणापासून सुट्या तूरडाळीपर्यंत शेकडो वस्तू, समोर संध्याकाळची गर्दी, यादी भरणार कोण? दुकानदार फोन बाजूला ठेवून पुन्हा वहीच काढायचा.

नुसती रक्कम टाकून बिल काढता येईल आणि वस्तूंची नावं बिलं करता करता यादीत जमा होतील, असा बदल सुचवला. तो आधी निम्म्याच दुकानांना दिला, म्हणजे फरक बदलामुळे पडला की आणखी कशामुळे, ते कळतं. बदल मिळालेल्या दुकानांत बिलं निघू लागली. त्यानंतर आम्ही डिस्ट्रिब्युटरकडे परत गेलो आणि सेल्समनचं कमिशन नोंदणीऐवजी दुकानाच्या पहिल्या दहा बिलांवर बांधून घेतलं. ग्रोथ मॅनेजरचा बिझनेस डेव्हलपमेंटला खरा उपयोग इथे आहे. पुढच्या करारात कशाचे पैसे द्यायचे, हे तो आकड्यांवरून सांगतो. माझ्या मते बाकी सगळं त्यामानाने दुय्यम.

या क्षेत्रातलं गाजलेलं उदाहरण ड्रॉपबॉक्सचं, म्हणजे इंटरनेटवर फाइली साठवून ठेवायच्या ॲपचं. सुरुवातीला त्यांनी गुगलवर जाहिराती दिल्या, तर एक पैसे भरणारा ग्राहक २३३ ते ३८८ डॉलरला पडू लागला आणि प्रॉडक्टची किंमत होती वर्षाला ९९ डॉलर. मग त्यांनी मित्राला बोलावलंत तर दोघांनाही जादा मोफत जागा, अशी योजना आणली. त्यामुळे नोंदणी कायमची ६० टक्क्यांनी वाढल्याचं संस्थापक ड्रू ह्यूस्टन यांनी जाहीरपणे मांडलंय. सप्टेंबर २००८ मधले १ लाख वापरकर्ते जानेवारी २०१० पर्यंत ४० लाख झाले. बक्षीस म्हणून दिली ती ॲपमधलीच जागा होती, त्यामुळे ज्याला ॲप खरंच वापरायचंय तोच त्यासाठी धडपडणार. रोख कॅशबॅकवर आलेला माणूस बरेचदा कॅशबॅक थांबला की जातो.

त्या काळात ड्रॉपबॉक्सबरोबर काम केलेल्या शॉन एलिस यांची एक कसोटी मी अजून वापरतो. ‘उद्यापासून हे प्रॉडक्ट मिळालं नाही तर कसं वाटेल?’ असं वापरणाऱ्यांना विचारायचं. ‘फार वाईट वाटेल’ म्हणणारे ४० टक्क्यांच्या खाली असतील तर आधी प्रॉडक्ट सुधारायचं, माणसं आणण्यावर पैसा नंतर.

म्हणून ऑफर स्वीकारण्याआधी कंपनीला तीन गोष्टी स्पष्ट विचारा. माझ्या नावावर कोणता आकडा असेल? तो नुसता डाउनलोडचा असेल तर सावध व्हा. डेटा मला स्वतःला बघता येईल का, की दर वेळी कोणाकडे तरी मागावा लागेल? आणि डेव्हलपर-डिझायनरचा ठरावीक वेळ मला मिळेल का? तिसऱ्याचं उत्तर ‘बघू’ आलं, तर तिथे तुम्ही जाहिरातींचं बजेट सांभाळत बसाल, पहिलं बिल का निघत नाही याला हात घालता येणार नाही.

तुमचा पार्टनरशी बोलण्याचा अनुभव इथे फार कामी येईल, तो निव्वळ डेटावाल्यांकडे सहसा नसतो. कमी पडेल ते एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची भाषा. रुजू होईपर्यंत रोज तासभर त्याला द्या आणि सध्याच्या कंपनीत तुम्हीच केलेल्या एखाद्या जुन्या कराराचा कोहॉर्ट तक्ता एक्सेलमध्ये मांडून बघा.