सोबतीण वाटेतून परतली तेव्हा

प्रश्न : आम्ही दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी आणि दोघीही साठी ओलांडलेल्या आहोत. गेल्या मे महिन्यात आम्ही ऑस्ट्रिया आणि इटलीचा १५ दिवसांचा प्रवास स्वतःच आखून केला. सहाव्या दिवशी पहाटे व्हिएन्नात तिच्या मुलाचा कोल्हापूरहून फोन आला. तिचे यजमान न्हाणीघरात घसरून पडले होते, खुब्याचे हाड मोडले होते आणि शस्त्रक्रिया करावी लागणार होती. त्याच रात्रीच्या विमानाने ती परतली. मी तिला विमानतळावर पोहोचवले आणि तिच्याच आग्रहावरून व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम असा उरलेला प्रवास एकटीने पूर्ण केला. आता आमच्या ओळखीत बोलले जाते की, मैत्रीण संकटात असताना ही खुशाल फिरत राहिली. दुसरी अडचण पैशांची आहे. इटलीतील आठ रात्रींच्या खोल्यांचे ९६० युरो मी माझ्या कार्डावरून आगाऊ भरले होते आणि ते परत मिळणारे नव्हते. आई तिथे राहिलीच नाही तर पैसे कशाचे, असे तिच्या मुलाचे म्हणणे आहे. मैत्रीण स्वतः काहीच बोलत नाही. मी निम्मा वाटा मागावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, लोकांच्या बोलण्याविषयी आधी लिहिते, कारण तुमच्या पत्रात पैशांपेक्षा तेच अधिक खुपलेले दिसते. मैत्रिणीला मदतीची खरी गरज होती ती व्हिएन्नातल्या त्या एका दिवसात. तिकीट बदलून घेणे, हादरलेल्या मनाने सामान भरणाऱ्या माणसाच्या शेजारी बसणे, पासपोर्ट आणि औषधे पिशवीत नीट गेली आहेत ना हे पाहणे आणि विमानतळाच्या दारापर्यंत सोबत करणे हे सगळे तुम्ही केले. त्यानंतर तुम्ही परतला असता तर ऐनवेळच्या भाड्याचा भुर्दंड दुसऱ्यांदा पडला असता, आणि कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांचा मुलगा हजर असताना तुमच्या येण्याने उपचारात कोणता फरक पडला असता, हे बोलणाऱ्यांनाही सांगता येणार नाही. मैत्रीण स्वतः आजारी असती, एकटीने प्रवास करण्याच्या स्थितीत नसती, किंवा तिने ‘तू चल’ असा एक शब्द जरी काढला असता, तर मी वेगळे उत्तर दिले असते. तिने तुम्हाला पुढे जायला सांगितले आणि तुम्ही तिचा शब्द मानला. शिवाय ज्या देशाची भाषा येत नाही तिथे साठीनंतर अचानक एकटे पडणे हे काही सुख नव्हे. तिचे जाणे अगदी योग्य होते, तरीही त्याचा भार तुमच्यावर पडला, आणि हे तिच्या घरच्यांनीही एकदा ध्यानात घ्यायला हवे.

आता पैशांचे पाहू. माझे मत स्पष्ट आहे की, निम्मा वाटा तिचा आहे. खोल्या ठरल्या त्या दिवशी दोघींनी मिळून तो खर्च पत्करला होता. तुम्ही एकट्या निघाला असता तर कदाचित लहान खोल्या घेतल्या असत्या, गावे कमी केली असती किंवा गेलाच नसता. दोघींनी घेतलेल्या निर्णयाचा खर्च, एकीची परिस्थिती बदलली म्हणून, मागे राहिलेल्या दुसरीच्या अंगावर पूर्ण टाकणे न्यायाचे नाही. मात्र मागे राहिलेल्या व्यक्तीचेही एक कर्तव्य असते. तोटा कमी करण्याचा प्रयत्न तिने करायला हवा. तुम्ही हॉटेलांना एकच व्यक्ती येणार असल्याचे कळवले होते का, आणि एखाद्या ठिकाणी काही सवलत मिळाली का, हे आठवून पाहावे. मिळाली असल्यास ती रक्कम आधी वजा करून मगच निम्मे करावे. युरोचे रुपये करताना आजचा भाव धरू नये, तुमच्या कार्डाच्या विवरणपत्रात जे रुपये प्रत्यक्ष वळते झाले तेच धरावेत.

पण हे पैसे मागण्याआधी मैत्रिणीच्या प्रवास विम्याची कागदपत्रे दोघींनी एकत्र बसून वाचावीत, असे मी आग्रहाने सांगेन. ऑस्ट्रिया, इटलीसह युरोपातील बहुतेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा विमा लागतो, म्हणजे तिच्याकडे विमा निश्चित होता. आपल्याकडे बहुतेक लोक तो व्हिसाच्या अर्जाला जोडण्यापुरता काढतात आणि पुन्हा उघडून पाहत नाहीत. अशा पुष्कळ विमापत्रांमध्ये ‘ट्रिप कर्टेलमेंट’ नावाचे कलम असते. जवळच्या नातेवाइकाला अचानक रुग्णालयात दाखल करावे लागल्यामुळे प्रवास अर्ध्यावर सोडावा लागला, तर न वापरलेल्या आणि परत न मिळालेल्या आगाऊ खर्चाची भरपाई ठरावीक मर्यादेपर्यंत या कलमाखाली मिळू शकते. जवळचे नातेवाईक कोण, हे विमापत्रातच लिहिलेले असते, आणि पती त्यात असतोच. तिच्या विमापत्रात हे कलम आहे की नाही, एवढे पाहिले की पुढचा मार्ग दिसेल.

तिच्या मुलाच्या ध्यानात न आलेली गोष्ट इथेच आहे. विमा कंपनी तिला भरपाई देईल ती तिने सोसलेल्या खर्चाची. तिने आपला वाटा तुम्हाला दिलाच नाही, तर कागदोपत्री तिचे नुकसान शून्य ठरते आणि खोल्यांबाबत तिला दावाच करता येत नाही. तुम्हीही तो खर्च तुमच्या विम्याकडे मागू शकत नाही, कारण तुमचा प्रवास पूर्ण झाला आहे. म्हणून तिने तिचा वाटा बँकेमार्फत तुमच्या खात्यात भरावा, तुम्ही तिला तारीख, हॉटेलांची नावे आणि रात्रींची संख्या लिहून रीतसर पावती द्यावी, आणि ज्या आरक्षणांवर दोघींची नावे आहेत त्यांच्या प्रती जोडाव्यात. रक्कम परत मिळणार नाही असे प्रत्येक हॉटेलकडून ईमेलवर लिहून घ्यावे. यजमानांची रुग्णालयाची कागदपत्रे आणि तिच्या बदललेल्या विमानप्रवासाचे बोर्डिंग पास तिच्या घरीच असतील. एवढे महिने गेले म्हणून हात आखडता घेऊ नये. केवळ उशीर झाला या कारणावरून खरा दावा फेटाळू नये, असे विमा नियामक प्राधिकरणाने २०११ मध्येच कंपन्यांना कळवले आहे. यजमानांच्या शुश्रूषेत वेळ गेला, हे कारण अर्जात सरळ लिहावे. तरीही नकार आला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि मग विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांचे एक कार्यालय पुण्यात आहे.

हे सगळे मैत्रिणीच्या मुलाशी बोलू नये, तिच्याशीच बोलावे. ‘माझे पैसे दे’ असे न म्हणता ‘आपला विम्याचा अर्ज भरायचा राहिला आहे, मी कागद घेऊन येते’ असे म्हणत कोल्हापूरला जावे आणि यजमानांची प्रकृतीही पाहून यावी. ती गप्प आहे याचा अर्थ तिला द्यायचे नाही असा मी लावणार नाही. शस्त्रक्रियेचा खर्च, मुलाचे मत आणि तुम्हाला परदेशात एकटे सोडल्याची बोच अशा तीन गोष्टींमध्ये सापडलेले माणूस बहुधा गप्पच राहते. विम्यातून काहीच मिळाले नाही आणि तिची खरोखर ओढाताण असेल, तर किती सोडायचे ते तुम्ही ठरवा. पण मग ते सोडल्याचे तिला स्पष्ट सांगा, मनात ठेवू नका.

यापुढे दोघांनी मिळून जाणाऱ्या वाचकांसाठी थोडे लिहिते, कारण मी स्वतः यात एकदा चांगलीच अडकले होते. बुडापेस्टमध्ये माझ्या सहप्रवासी मैत्रिणीला वडील गेल्याचा निरोप आला आणि ती तासाभरात निघाली. आम्हा दोघींच्या कागदांची एकच फाईल होती आणि ती तिच्या पिशवीतून भारतात गेली. दुसऱ्या दिवशी केलेती स्थानकावर प्रागच्या गाडीची वाट पाहताना माझ्याजवळ ना तिकीट होते, ना पुढच्या हॉटेलचा पत्ता. तेव्हापासून प्रत्येक कागद मी दोन्ही पिशव्यांत आणि दोन्ही फोनमध्ये ठेवते. आता तिकिटे फोनवर आली असली तरी दोघांचे रेल्वे पास एकाच फोनमध्ये ठेवण्याची चूक लोक करतात, आणि फोनवाला माणूस गेला की पासही जातो.

विमानाची दोन तिकिटे एकाच पीएनआर क्रमांकावर असतील आणि एकालाच आधी परतायचे असेल, तर तिकीट बदलण्यापूर्वी विमान कंपनीकडून तो पीएनआर दोन भागांत विभागून घ्यावा, म्हणजे मागे राहणाऱ्याच्या आरक्षणाला धक्का लागत नाही. व्हिसाची चिंता नको, कारण तो प्रत्येकाच्या पासपोर्टवर स्वतंत्र असतो आणि सोबती परतला म्हणून तुमचा व्हिसा बाधित होत नाही. खोली परतणाऱ्याच्या नावावर असेल, तर त्याने निघण्यापूर्वीच हॉटेलला ईमेल करून तुमचे नाव मुख्य पाहुणा म्हणून घालायला सांगावे. इटलीत हॉटेलांना प्रत्येक पाहुण्याच्या ओळखपत्राची माहिती पोलिसांकडे पाठवावी लागते. व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम या शहरांत पर्यटक करही माणशी आणि रात्रीमागे आकारतात. दोघांची नोंद तशीच राहिली तर न आलेल्या माणसाचा करही तुमच्या बिलात लागू शकतो. रोमच्या कलोसियमची तिकिटे २०२३ पासून नावानिशी मिळतात आणि दारावर ओळखपत्र पाहतात, त्यामुळे परतलेल्या सोबत्याचे तिकीट वाटेत भेटलेल्या दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ सहल कंपनीबरोबर जपानला गेलो होतो. चौथ्या दिवशी कार्यालयाच्या तातडीच्या कामामुळे धाकट्याला परतावे लागले. उरलेल्या पाच रात्रींसाठी मी एकटा राहणार म्हणून सहल व्यवस्थापकांनी माझ्याकडे एकट्याच्या खोलीचा जादा आकार मागितला, आणि मी तो भरला. हे बरोबर होते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या भावाने संपूर्ण सहलीचे पैसे भरलेले होते आणि त्याला त्यातील काही परत मिळालेले नसेल, तर त्या खोलीतील दोन्ही खाटांचे पैसे कंपनीकडे आधीच जमा होते. एकट्याच्या खोलीचा आकार हा एका माणसाकडून दोघांच्या खोलीचे भाडे वसूल करण्यासाठी असतो, आणि इथे ते वसूल झालेलेच होते. सहलीच्या करारात असे कलम आहे का ते पाहावे. नसल्यास भरलेल्या रकमेची पावती जोडून कंपनीला लेखी पत्र द्यावे आणि परताव्यासाठी मुदत घालावी. उत्तर आले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि अशा लहान रकमेच्या तक्रारीसाठी वकील नेमावाच लागतो असे नाही. कार्यालयीन कामाचे कारण विम्याच्या कलमात सहसा बसत नाही, त्यामुळे भावाने तिकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. मात्र त्याला तातडीने बोलावणाऱ्या कार्यालयाकडे परतीच्या वाढीव भाड्याची मागणी त्याने अवश्य करावी.