जुन्या परफ्यूमला पहिल्या पाच मिनिटांवरून जोखू नये

आईच्या कपाटात शालिमार या फ्रेंच परफ्यूमची सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची अर्धी बाटली सापडली, बूच काढताच नेलपॉलिशसारखा उग्र दर्प आला, आणि आता ती फेकून द्यावी की तिच्यात आस्वाद घेण्यासारखे काही उरले आहे, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर असे की, एक पूर्ण दिवस तिच्यासाठी दिल्याखेरीज ती फेकू नका. गेली बारा-तेरा वर्षे मी जुने परफ्यूम हुंगत आणि परवडतील तसे जमवत आलो आहे. या काळात माझ्याकडून ज्या चुका झाल्या, त्यांतल्या बऱ्याचशा बूच उघडल्या उघडल्या मत बनवल्यामुळे झाल्या.

तुम्हाला आलेला दर्प परफ्यूमचा वरचा थर नासल्याचा आहे. खालचा भाग बहुधा शाबूत असतो. शालिमारची सुरुवात बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या तेलाने होते. अशा तेलांतले लिमोनिनसारखे घटक हलके असल्यामुळे आधी उडतात, आणि बाटली निम्मी रिकामी असली की आतल्या हवेतील ऑक्सिजनशी त्यांचा संयोग होऊन त्यांना टर्पेंटाइनच्या वळणाचा वास येऊ लागतो. याउलट व्हॅनिला, डिंक, चंदन आणि कस्तुरीसदृश द्रव्ये जड असतात, सावकाश उडतात आणि अंधारात, थंडाव्यात ठेवली असतील तर अनेक दशके टिकतात. बाटलीच्या तोंडाशी थेट नाक नेले की जे बिघडलेले आहे तेच आधी भेटते.

त्याऐवजी जाड टीपकागदाच्या किंवा साध्या बिनवासाच्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा, पेन्सिलीने वेळ लिहा, टोक अर्धा सेंटिमीटर बुडवा आणि दहा मिनिटे खोलीबाहेर जा. मग दहाव्या मिनिटाला, तासाभराने, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पट्टी हुंगा. दोन वासांच्या मध्ये कॉफीच्या बिया हुंगण्याची दुकानांतली प्रथा मला निरर्थक वाटते. स्वतःच्या कोपराच्या खोबणीचा वास घेतला तरी नाक ताळ्यावर येते. प्रत्येक वेळी ‘छान’ किंवा ‘उग्र’ असे न लिहिता वास कशासारखा आहे ते लिहा, आणि तेही आपल्या घरातल्या, ओळखीच्या वस्तूंच्या नावांनी. फ्रेंच पुस्तकी शब्दांनी माझे तरी कधी भागले नाही.

माझ्या वहीत एका जुन्या शालिमारपुढे या नोंदी आहेत: दहा मिनिटे, ‘स्पिरिट, वाळलेली लिंबाची साल’. एक तास, ‘ऊद, संध्याकाळचा देव्हारा, थोडा हिराबोळ’. चार तास, ‘तळाला लागलेली बासुंदी’. दुसऱ्या दिवशी सकाळी सात, ‘कोल्हापुरी चपलांचे दुकान’. यातला हिराबोळ केवळ कल्पनेतला नाही. शालिमारच्या तळाशी ओपोपोनॅक्स नावाचा डिंक असतो आणि तो हिराबोळाच्याच कुळातला आहे. बाळंतिणीच्या खोलीतला तो कडवट वास ज्यांना आठवतो, त्यांना ही ओळख पटकन पटेल. बासुंदीचा उलगडा एथिल व्हॅनिलिनमध्ये आहे. साध्या व्हॅनिलिनपेक्षा दोन-तीन पट तीव्र असलेले हे कृत्रिम द्रव्य शालिमारचे कर्ते, फ्रेंच परफ्यूमकार झाक गेर्लां यांनी ‘जिकी’ या 1889 सालच्या आपल्या घराण्याच्याच परफ्यूममध्ये ओतून पाहिले आणि त्यातून 1925 चा शालिमार निघाला, अशी कथा सांगतात. कथा कितपत खरी ते असो, दोन्ही परफ्यूम शेजारी ठेवून हुंगले की नाते लपत नाही. चामड्याचा जो भास सकाळी झाला, त्याच्या मागे जवादीसारखी, म्हणजे जवादी मांजराच्या स्रावासारखी प्राणिज छटा आहे. ती एकटी असह्य वाटते, पण व्हॅनिलाखाली दडली की उबदार होते.

आता आजच्या बाटलीशी तुलना करण्याचा मोह तुम्हाला होईलच, म्हणून एक भेद आधीच सांगतो. जुना आणि नवा वास दोन वेगळ्या कारणांनी वेगळे असतात: एक म्हणजे जुन्या बाटलीचे वय, आणि दुसरे म्हणजे नंतर बदललेली घडण, म्हणजे परफ्यूममधल्या घटकांची कृती. ही दोन कारणे एकमेकांत मिसळली की माणूस नासक्या बर्गामोटलाच ‘जुन्या काळची खोली’ म्हणू लागतो. मीही म्हणत होतो.

घडण का बदलते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ओकमॉसचे आहे. हे ओकच्या खोडावर वाढणारे शेवाळासारखे दिसणारे दगडफूलच म्हणायचे, कारण आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल आणि ओकमॉस हे दोन्ही लायकेन (बुरशी आणि शैवाल यांची एकत्र वाढ) असून एकाच कुळातले आहेत. फ्रेंच परफ्यूमकार फ्रान्स्वा कोती यांनी 1917 मध्ये बर्गामोट, लॅब्डनम नावाची चिकट राळ आणि ओकमॉस यांच्या मेळातून ‘शिप्र’ काढला, आणि झाक गेर्लां यांनी 1919 मध्ये त्याच सांगाड्यावर पीचचा गर चढवून ‘मित्सुको’ घडवला. जुन्या मित्सुकोची पट्टी चार तासांनी हुंगून पाहा: तेलात परतलेल्या दगडफुलाचा तो दमट, काळपट, मातकट वास, आणि त्यावर पिकून उतू गेलेल्या फळाची गोडी. मसाला करण्याच्या दिवशी स्वयंपाकघरात उभे राहिलेल्या कोणालाही हा परफ्यूम परका वाटू नये. परंतु ओकमॉसमधील ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल यांमुळे अनेकांच्या त्वचेवर ॲलर्जी उठते. 1973 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेने आधीच ओकमॉसच्या वापराला मर्यादा घातल्या होत्या. पुढे युरोपीय संघाने 2017 मध्ये या दोन घटकांवर बंदी जाहीर केली आणि 2021 पासून ते असलेली उत्पादने तेथील बाजारात विकता येईनाशी झाली. आज वापरतात तो ओकमॉस हे घटक काढून घेतलेला असतो. नवा मित्सुको वाईट नाही, पण त्याचा तळ मला घासून पुसून स्वच्छ केलेल्या फरशीसारखा वाटतो.

कस्तुरीचेही असेच झाले. आल्बर्ट बाउर यांना 1888 मध्ये स्फोटकांवर काम करताना कृत्रिम कस्तुरीचा वास योगायोगाने सापडला, आणि त्या जातीच्या नायट्रो मस्कांनी जुन्या परफ्यूमना पावडरीसारखी मऊ ऊब दिली. त्यांपैकी मस्क ॲम्ब्रेट आरोग्याच्या कारणांनी बाद झाला.

‘अत्तर जितके जुने तितके चांगले’ हे आपल्याकडचे वचन मात्र येथे लावू नका. कनौजचे पारंपरिक अत्तर चंदनाच्या तेलात उतरवलेले असते, त्यात अल्कोहोल नसतो, म्हणून ते मुरते. फ्रेंच परफ्यूम अल्कोहोलात विरघळवलेला असतो. तो मुरत नाही, फक्त टिकतो किंवा बिघडतो. व्हर्साय येथे 1990 पासून असलेल्या ओस्मोतेक या सुगंध-संग्रहालयात जुने परफ्यूम 12 अंश सेल्सियसला, अंधारात, वर आरगॉन वायू भरून ठेवतात, ते याचसाठी. आपल्या घरी आरगॉन नाही, पण अर्ध्या बाटलीतला द्रव छोट्या काचेच्या कुपीत काठोकाठ भरून ठेवला की हवेचा संपर्क तुटतो. न्हाणीघरात आणि खिडकीशी ठेवू नका. मे महिन्यात गोदरेजच्या कपाटाचा खालचा कप्पा बरा. मूळ बाटली आणि काचेचे बूच जपा. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी सीलबंद म्हणून घेतलेल्या कुपीत भलताच स्वस्त परफ्यूम पुन्हा भरलेला निघाला होता. तुमची बाटली आईच्या कपाटातली आहे, म्हणजे निदान तिची वंशावळ ठाऊक आहे.

अंगाला लावायचे असेल तर प्रथम दंडाच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दिवसभर वाट पाहा, कारण जुन्या घडणीतले काही घटक आज बंद झाले ते विनाकारण नाही. जुन्या बर्गामोट तेलात बर्गॅप्टेन असू शकतो. ते लावून उन्हात गेल्यास त्वचेवर काळे डाग पडतात, तेव्हा संध्याकाळीच लावा. व्हॅनिलिनमुळे तुमच्या बाटलीतला द्रव बहुधा चहासारखा गडद झाला असेल. हा बिघाड नव्हे, पण तो फिक्या रेशमावर पडला तर डाग सहसा निघत नाही. पैठणी नेसून झाल्यावर पदरावर शिंपडण्याऐवजी मनगटावर लावा आणि सुकू द्या.