ओसरीवरचे लहान पिल्लू : वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरे

काही वर्षांपूर्वीपर्यंत या सदराकडे येणारी पत्रे गाई, म्हशी आणि बैल यांच्याविषयीच असत. आता त्यांत पॉमेरेनियन, पग, ल्हासा अप्सो अशा कुत्र्यांच्या लहान जातींच्या पिल्लांविषयीची पत्रेही येऊ लागली आहेत, आणि ती गावांतून येत आहेत. नागपुरात किंवा अमरावतीत शिकणारा मुलगा सुटीत पिल्लू घेऊन येतो, सुटी संपली की परत जातो, आणि पिल्लू आईवडिलांकडे राहते. ज्या घराला ढोरांची निगा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, ते घर या दीड किलोच्या जिवापुढे मात्र गोंधळून जाते. त्यांपैकी काही पत्रांना या महिन्यात उत्तरे देत आहे.

प्रश्न : दोन महिन्यांचे पॉमेरेनियन पिल्लू आणून बारा दिवस झाले. अंगणात नेले की नुसते हुंगत फिरते आणि घरात येताच सारवलेल्या जमिनीवर शू करते. सासूबाई म्हणतात, त्याच जागी नाक घासा, म्हणजे समजेल. खायला सकाळ-संध्याकाळ म्हशीचे दूध आणि भाकर देतो, पण पोट सारखे पातळ असते. आमचे काय चुकते आहे? (एक भगिनी, आर्वी तालुका, जिल्हा वर्धा)

उत्तर : ताई, नाक मुळीच घासू नका. घडून गेलेली गोष्ट आणि त्यानंतर मिळालेली शिक्षा यांचा संबंध पिल्लाला जोडता येत नाही. माणसांच्या समोर शू केली की आपल्याला दुखवतात, एवढेच ते शिकते, आणि मग बाजेखाली किंवा धान्याच्या कोठीमागे जाऊन करू लागते. दोन महिन्यांच्या पिल्लाचे मूत्राशय फार लहान असते. जागे असताना दर दीड-दोन तासांनी, शिवाय झोपेतून उठल्याबरोबर, खाणे झाल्याबरोबर आणि खेळ थांबल्याबरोबर त्याला उचलून अंगणातील एकाच ठरलेल्या कोपऱ्यात न्यावे. तेथे खाली ठेवून शांत उभे राहावे, त्याच्याशी खेळू नये, बोलूही नये. पाच-दहा मिनिटे ते हुंगत फिरेल; आपण बहुधा याच वेळी कंटाळून त्याला आत आणत असाल. त्याचे काम झाले की त्याच क्षणी, तेथेच, उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा द्यावा आणि कौतुकाचा एकच ठरलेला शब्द उच्चारावा. घरात येऊन दिलेला खाऊ त्याला घरात आल्याबद्दलचा वाटतो, म्हणून तो जागेवरच दिला पाहिजे. रात्री पिल्लू आपल्या अंथरुणाजवळ टोपल्यात निजवावे, म्हणजे त्याची चुळबुळ ऐकू येते आणि मध्यरात्री एकदा बाहेर नेता येते.

आपली जमीन सारवणाची आहे, ही गोष्ट येथे फार महत्त्वाची आहे. फरशीवरची शू पुसता येते. सारवणात ती मुरते, आणि आपल्याला वास आला नाही तरी पिल्लाला तो येत राहतो आणि ही जागा आपली आहे असे ते समजते. म्हणून ओला झालेला भाग खुरप्याने बोटभर खरवडून काढावा, माती बाहेर टाकावी आणि तेवढ्याच जागी नव्याने सारवावे. वरून फिनाईल ओतण्याचा उपयोग होत नाही. उलट पिल्लाचे पंजे भाजतात आणि चाटल्यास ते पोटात जाते.

आता आहार. गाईम्हशीच्या दुधातील साखर पचवण्याची शक्ती पिल्लात कमी असते, त्यामुळे पोट पातळ होते. दूध बंद करावे. पिल्लू खेळकर असेल आणि पोट दोन दिवसांत घट्ट झाले तर काळजीचे कारण नाही. परंतु उलट्या, रक्तमिश्रित जुलाब आणि मलूलपणा दिसल्यास तो पार्व्हो हा आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग असू शकतो, आणि तेव्हा एक रात्रसुद्धा वाट पाहू नये. दोन वेळांचे खाणेही या वयाला पुरत नाही. लहान जातीच्या पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा इतका थोडा असतो की, बराच वेळ उपाशी राहिल्यास ते थरथरते, लडखडते आणि कधी बेशुद्ध पडते. तसे झाले तर साखरेचे घट्ट पाणी किंवा मध बोटाने हिरड्यांना चोळावा, तोंडात ओतू नये, आणि लगेच दवाखाना गाठावा. तिसरा महिना संपेपर्यंत दिवसातून चार वेळा, त्यापुढे सहाव्या महिन्यापर्यंत तीन वेळा खाऊ घालावे. बिनमसाल्याच्या पातळ वरणात भिजवलेली भाकर किंवा भात चालेल, पण नुसत्या त्यावर हाडे धरत नाहीत. सोबत उकडलेले अंडे किंवा हाडे काढलेली शिजवलेली कोंबडी हवी, अथवा पिल्लांसाठी मिळणारे तयार खाद्य द्यावे. कांदा-लसणाच्या रश्श्यात भाकर कुस्करून देऊ नये, कारण कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. मनुका, द्राक्षे आणि चॉकलेट हेही विषच समजावे.

पत्रात लसीकरणाचा उल्लेख नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. पहिली संयुक्त लस (पार्व्होसह अनेक रोगांवरची एकत्र लस) सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, नंतर दर तीन ते चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, आणि रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर द्यावी. पिल्लू एवढेसे आहे, अर्धीच लस द्या, असे मला अनेकांनी सांगितले आहे. औषधाची मात्रा वजनावर ठरते, लसीची मात्रा ठरत नाही. दीड किलोच्या पिल्लाला आणि तीस किलोच्या कुत्र्याला लस सारखीच लागते. लस दोन ते आठ अंश तापमानातच टिकते. दुकानातून आणून पिशवीत टाकून एसटीने गावापर्यंत नेलेल्या लसीवर विसंबू नये. पिल्लालाच तालुक्याच्या दवाखान्यात न्यावे. लसीकरण पूर्ण होईपर्यंत ते गावातील मोकाट कुत्री फिरतात त्या मातीत सोडू नये, कारण पार्व्होचा विषाणू जमिनीत कित्येक महिने जिवंत राहतो. मात्र कडेवर घेऊन बैल, ट्रॅक्टर, मळणीयंत्र, लग्नाचा बँड हे सगळे दुरून जरूर दाखवावे. साधारण चौदा आठवड्यांपर्यंत जे पाहिले-ऐकले, त्याची भीती त्याला पुढे कमी वाटते.

प्रश्न : आमच्या पिल्लाच्या कानात आणि पायांच्या बोटांत गोचीड झाले आहेत. बैलांना लावतो ते औषध पाण्यात थोडे पातळ करून लावले तर चालेल का? (एक शेतकरी, दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ)

उत्तर : नाही. आपण आधी विचारलेत, याबद्दल मी आपला आभारी आहे, कारण बहुतेक जण लावून झाल्यावर येतात. दोन वर्षांपूर्वी भर पावसात एक गृहस्थ टोपल्यात ओढणीखाली झाकून चार महिन्यांचे पग पिल्लू घेऊन आले. ओढणी बाजूला केली तेव्हा त्याच्या तोंडातून सारखी लाळ गळत होती, चारही पाय थडथड उडत होते आणि अंगाला गोठ्यातल्या औषधाचा उग्र वास येत होता. त्यांनी औषध बैलाच्या मापाने कालवले नव्हते, ‘अंदाजाने निम्मे’ केले होते. बैल साडेतीनशे-चारशे किलोंचा आणि पिल्लू साडेतीन किलोंचे. शिवाय पिल्लू सगळे अंग चाटून काढते. साबणाने धुऊन, सलाईन लावून आणि झटके थांबवणारे औषध देऊन ते पिल्लू तिसऱ्या दिवशी उभे राहिले. त्यांच्या शेजाऱ्याच्या पिल्लावरही तेच औषध लावले होते, ते दवाखान्यापर्यंत पोहोचले नाही. त्या गृहस्थांच्या मनात पिल्लाविषयी माया नव्हती असे मुळीच नाही. आपल्याकडे प्रत्येक औषधाचे माप ढोरांच्या आणि पिकांच्या हिशेबाने डोक्यात बसलेले असते, एवढेच त्याचे कारण आहे.

म्हणून प्रथम पिल्लाचे वजन करावे. त्याला पिशवीत बसवून किराणा दुकानातील काट्यावर ठेवले तरी पुरे. ते वजन आणि वय कागदावर लिहून पशुवैद्यकाकडे न्यावे. कुत्र्यांसाठी अंगावर टाकायचे थेंब, फवारा आणि गोळ्या मिळतात, आणि त्या प्रत्येकावर किती वयापासून व किती वजनाला हे छापलेले असते. तोपर्यंत गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढून काढावेत आणि साबणाच्या पाण्यात टाकावेत. बोटांनी चिरडू नयेत, रॉकेल लावू नये. कुत्र्याचा तपकिरी गोचीड आपला बराच काळ भिंतीच्या भेगांत आणि फटींत काढतो आणि तेथेच हजारो अंडी घालतो. त्यामुळे पिल्लू कितीही स्वच्छ केले तरी ते निजते त्या कोपऱ्यातील भिंतीच्या भेगा बुजवल्याशिवाय हा त्रास हटत नाही. ताप, पांढुरक्या पडलेल्या हिरड्या, नाकातून रक्त किंवा कोऱ्या चहासारखी गडद लघवी दिसली तर तो गोचीडताप समजून त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी. नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात आणि अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत ही सोय आहे.

आपण कापूस पिकवत असाल, म्हणून आणखी एक विनंती. २०१७ च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरला नसाल. फवारणीचा पंप, रिकाम्या बाटल्या आणि फवारणी करून आल्यावर काढलेले कपडे ओसरीवर ठेवू नयेत. दात येण्याच्या वयात पिल्लू जे सापडेल ते चावते.

प्रश्न : आमच्या भागात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. पॉमेरेनियन पिल्लाचे दाट केस पूर्ण कापून टाकावेत का? (एक शिक्षक, चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : कातडीपर्यंत कापू नयेत. पॉमेरेनियनच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. ते उन्हालाही अडवतात, आणि मुळापासून भादरल्यास पुन्हा नीट येतीलच असे नाही. रोज विंचरून गळालेली लव काढून टाकावी, पोटाखालचे आणि पंज्यांमधले केस थोडे छाटावेत. (आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून विकली जाणारी बरीचशी कुत्री मुळात इंडियन स्पिट्झ असतात, ती उष्णता थोडी अधिक सोसतात, पण नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या अतिउष्ण नऊ दिवसांत, तेवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही.) पगसारख्या चपट्या नाकाच्या पिल्लाची मात्र दुप्पट काळजी घ्यावी, कारण कुत्रे मुख्यतः धापा टाकून अंग थंड ठेवते आणि त्याला नीट धापाही टाकता येत नाही.

फिरवणे सूर्योदयापूर्वी आणि दिवेलागणीनंतरच असावे. निघण्यापूर्वी हाताची पालथी बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवावी. आपल्याला सोसवत नसेल तर पिल्लाच्या पंज्यांनाही सोसवणार नाही. दुपारी टिनाच्या छपराखाली न ठेवता कौलारू किंवा मातीच्या खोलीत, कूलरसमोर पण थेट झोतात न येईल असे ठेवावे. पावसाळ्याच्या तोंडाशी हवा दमट झाली की कूलर काम देत नाही, तेव्हा पंखा आणि उघडी खिडकी बरी. पिल्लाच्या अंगाचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या पुढे गेले तर जीव धोक्यात येतो. जीभ गडद लाल, लाळ चिकट आणि चाल लडखडती दिसली तर माठातले साधे पाणी पोट, जांघा आणि पंजे यांवर ओतून वारा घालावा आणि तसेच दवाखान्यात न्यावे. बर्फात बुडवू नये. त्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात.

प्रश्न : एक महिन्याचे असताना आणलेले पिल्लू आता तीन महिन्यांचे आहे. खेळताना नातवाच्या हाताला जोरात चावते आणि पाहुण्यांवर भुंकते. इतके लहान आहे की सगळ्यांना हसू येते. मोठे झाल्यावर ही सवय जाईल ना? (एक आजोबा, मूर्तिजापूर तालुका, जिल्हा अकोला)

उत्तर : आजोबा, आपोआप जाणार नाही. चावा किती जोराचा असावा हे पिल्लू भावंडांशी खेळताना शिकते, आणि आपले पिल्लू त्या शिकवणीच्या आधीच आईपासून तोडले गेले. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही, त्याचे हेही एक कारण आहे. आता ती शिकवण घराला द्यावी लागेल. दात लागताच खेळ थांबवून, हात बाजूला घेऊन, अर्धा मिनिट त्याच्याकडे पाठ फिरवावी. नंतर गाठ मारलेले ओले सुती फडके चावायला द्यावे. मारू नये, आणि नातवाने हात नाचवून त्याला डिवचू नये. घरातील एकाने रागवायचे आणि दुसऱ्याने हसायचे, असे झाले तर पिल्लू हसणाऱ्याचेच ऐकते. पाहुणे आले की त्यांनी पिल्लाकडे न पाहता बसावे, आणि ते गप्प झाल्यावर पाहुण्यांच्याच हातून खाऊ द्यावा. हेच भुंकणे मोठ्या कुत्र्याने केले असते तर घरातील कोणी हसले नसते. लहान जातीची इतकी कुत्री पुढे चावरी का होतात, याचे उत्तर मला तरी त्या हसण्यातच दिसते.

दात लागून रक्त आले किंवा ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद यांपैकी काहीही भरू नये. पिल्लू घरचेच आहे म्हणून स्वस्थ न बसता नातवाला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्यावे आणि डॉक्टरांनी दिलेल्या लसीच्या सर्व तारखा पाळाव्यात.

प्रश्न : रात्री पिल्लू ओसरीवर साखळीने बांधले तर राखण करील का? (एक वाचक, भद्रावती तालुका, जिल्हा चंद्रपूर)

उत्तर : आपले गाव जंगलाला लागून असल्याचे आपण लिहिले आहे. बिबट्या गावात येतो तो बहुतेकदा कुत्र्यांसाठीच, आणि बांधलेल्या पिल्लाला पळताही येत नाही. रात्री त्याला दाराच्या आत, आपल्याजवळ ठेवावे. दिवसाही गळ्यात साखळी नको. लहान जातींची श्वासनलिका नाजूक असते, म्हणून छातीभोवती येणारा पट्टा घ्यावा आणि त्याच्या आत दोन बोटे सहज जातील एवढा तो सैल ठेवावा. पिल्लू वाढते आहे, तेव्हा ही दोन बोटे दर आठवड्याला घालून पाहावीत.