आवाज बंद करून पाहिलेली मालिका

लातूरहून एका वाचकाचे पत्र आले आहे. थोडे संक्षिप्त करून ते येथे देते.

"ताई, वडील दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून अंबाजोगाई तालुक्यातल्या आमच्या गावाहून आई आमच्याकडे राहायला आली आहे. संध्याकाळी सातपासून रात्री साडेदहापर्यंत ती टीव्हीसमोरून हलत नाही. जेवताना मालिकेत कोण कोणाला काय म्हणाले, तेच सांगत बसायची. गेल्या महिन्यात तिने माझ्या पत्नीला विचारले, 'तुम्ही दोघं दार लावून काय बोलता?' हा सगळा मालिकांचाच परिणाम आहे. मुलगी दहावीला आहे म्हणून आवाज कमी करायला सांगितले, तर आता आवाज पूर्ण बंद करून बसते, पण टीव्ही सोडत नाही. मी हसून विचारले तर म्हणाली, 'आवाज नसंना, माणसं तर दिसायलेत की.' या व्यसनाला काय म्हणावे? आम्ही तिघे आपापल्या मोबाईलला इयरफोन लावून पाहतो, कोणाला त्रास देत नाही. पुढच्या महिन्यापासून डिशचा रिचार्जच बंद करावा असे वाटते. तिला न दुखवता हे कसे करता येईल?"

तुमचा प्रश्न रिचार्जचा आहे, परंतु मी अडकले आहे ती तुम्ही हसण्यावारी नेलेल्या त्या एका वाक्यापाशी. ज्याला मालिकेचे व्यसन लागले आहे, तो आवाज बंद करून मालिका पाहत नाही. आपल्याकडच्या दैनंदिन मालिका बोलण्यावर चालतात. जे काही घडते ते संवादांतून घडते आणि पडद्यावर बहुतेक वेळ बोलणाऱ्यांचे आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे असतात. आवाज काढून घेतला की कथा संपते. उरते ते एक मोठे घर, एका टेबलाभोवती जेवायला बसलेली आठ-दहा माणसे, तुळशीपाशी दिवा लावणारी सून आणि बाहेरून कोणी आले की त्याच्याकडे वळणाऱ्या सगळ्यांच्या नजरा. तुमच्या आई रोज साडेतीन तास ते पाहत बसतात. तुम्ही विचारलेत आणि त्यांनी साध्या शब्दांत उत्तरही दिले. ते तुम्ही मला पत्रात लिहून पाठवलेत, पण स्वतः ऐकले नाहीत.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रातून गळली आहे. जेवताना त्या मालिकेतले सांगत बसायच्या, असे तुम्ही लिहिले आहे. आवाज बंद झाल्यापासून त्या जेवताना काय सांगतात? बहुधा काहीच सांगत नसाव्यात, कारण सांगण्यासारखे काही कानावर पडलेलेच नसते. ते सांगणे कोणत्या दिवशी थांबले, हे तुम्हाला आठवते का?

मुलगी दहावीला आहे म्हणजे तुमचे वय चाळिशीच्या पुढेमागे असावे, त्यामुळे टीव्ही पूर्वी कसा पाहिला जात असे ते तुम्हाला अंधूक का होईना आठवत असेल. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण मराठवाड्यातल्या खेड्यांत चित्र दिसू लागायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. माझे माहेर बीड जिल्ह्यातले. आमच्या गल्लीत एकच टीव्ही होता आणि त्याचा अँटेना माळवदावर दूरदर्शनच्या मनोऱ्याकडे तोंड करून बांधलेला असे. 'आमची माती आमची माणसं' लागले की पुरुष ओसरीवर जमायचे, आणि १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झाल्यावर रविवारी सकाळी अंगणात चपलांना जागा उरत नसे. आमच्या शेजारच्या एक काकू म्हशीची धार काढून यायच्या, त्यामुळे त्यांना नेहमीच उशीर व्हायचा. त्या उंबऱ्यात आल्या की चार-पाच जणी एकाच वेळी, एकमेकींचे बोलणे तोडत, आतापर्यंत काय झाले ते त्यांना सांगायच्या. त्या सांगण्यात पुढचे दोन प्रसंग निसटून जायचे आणि त्याबद्दल कोणी कुरकुर केल्याचे मला आठवत नाही.

तुमच्या आईंनी टीव्ही पाहायला शिकला तो असा. पाहणे आणि सांगणे त्यांच्या लेखी एकच होते. १९९९ पासून खासगी मराठी वाहिन्या आल्या, आठवड्यातून एकदा लागणारी मालिका रोज लागू लागली, आणि हळूहळू गल्लीतल्या टीव्हीच्या जागी प्रत्येक घरात टीव्ही आला. तरीही निदान घरातली माणसे एकत्र बसत होती. २०१६ नंतर मोबाईलचे इंटरनेट स्वस्त झाले आणि तीही उठून गेली. आज तुमच्या घरात चौघांपैकी तिघांच्या कानात आवाज आहे, आणि चौथ्या माणसापुढे नुसते चित्र आहे. तुम्ही याला कोणाला त्रास न देणे म्हणता. मला ते मान्य नाही. एकाच घरात राहून ज्या माणसाला आपला आवाजही ऐकू येत नाही, त्या माणसाला त्रास होतोच.

मालिकांची तरफदारी मला करायची नाही. प्रेक्षकसंख्येचे आकडे आठवड्याला येतात, २०१५ पासून 'बार्क' ही संस्था निवडक घरांत यंत्रे बसवून ते मोजते, आणि आकडे टिकवायचे म्हणून कटकारस्थाने आणि गैरसमज महिनोन्महिने ताणले जातात. ते माणसाच्या मनावर काहीच परिणाम करत नाही, असे मी म्हणणार नाही. पण दार लावून काय बोलता, हा प्रश्न मालिकेने शिकवलेला नाही. सबंध आयुष्य ज्या बाईने दिवसा दार उघडे टाकून संसार केला, ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला हाक मारली, तिच्या तोंडावर दोन खोल्यांच्या घरात किंवा चार खोल्यांच्या घरात रोज एक दार लागत असेल, तर ती हा प्रश्न विचारणारच. त्यात संशय कमी आणि विचारणा अधिक आहे. तुमच्या पत्नीने त्या दिवशी काय उत्तर दिले, तेही तुम्ही लिहिलेले नाही.

तेव्हा रिचार्ज बंद करू नका. त्यांना न दुखवता तो बंद करण्याचा मार्ग मी तुम्हाला सुचवणार नाही, कारण तसा मार्ग नाही. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला, गाव सुटले, शेजार सुटला, आणि आता पडद्यावरची माणसेही मुलाने काढून घेतली, एवढेच त्यातून त्यांना कळेल.

तुम्ही एक करायचे आहे आणि ते आजच करायचे आहे. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, आईंच्या शेजारी बसा, रिमोट स्वतः हातात घ्या आणि आवाज सुरू करा. त्यांना ऐकू येईल इतका मोठा ठेवा, आपल्याला बरा वाटेल इतका नव्हे. रोज अर्धा तास, एक मालिका. मुलीच्या अभ्यासाचे कारण पुढे करू नका. इयरफोन लावून मोबाईल पाहायला ज्या मुलीला वेळ मिळतो, तिचा अभ्यास आजीच्या अर्ध्या तासाने बुडणार नाही. तिला त्या वेळी आतल्या खोलीत बसू द्या, किंवा बाहेर येऊन तुमच्याजवळ बसावेसे वाटले तर बसू द्या.

पहिले दोन-तीन दिवस तुम्हाला कंटाळा येईल आणि तो तुमच्या चेहऱ्यावर दिसेल. आईंनाही अवघडल्यासारखे होईल. कदाचित त्या म्हणतील, "तुला काम असंल तर जा." जाऊ नका. ही कोण, हिचे त्याच्याशी नाते काय, ही अशी का वागते, असे विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐका. त्या उत्तरात मधूनच गावातली एखादी सून येईल, तुमच्या वडिलांची एखादी आठवण येईल, आणि तेवढ्यात मालिकेतला प्रसंग निघून जाईल. जाऊ द्या.

मालिका बहुतेक सोमवार ते शनिवार असतात. एखाद्या दिवशी ऑफिसातून यायला उशीर झाला, तर दारातच आईंना विचारा की आतापर्यंत काय झाले. त्या सांगतील.